वाऱ्यावरचा हिशोब

मिथेन वायू शोधायला म्हणून मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो आणि टरबूज घेऊन परत आलो. बायकोने पिशवीत डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता टरबूज उचलून ओट्यावर ठेवलं. त्या टरबुजाची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापासून सुरू झालं.

मी जळगावला एका कॉलेजात भूगोल शिकवतो. रिमोट सेन्सिंगचा, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचायचा पेपर माझ्याकडे आहे. इतकी वर्षं पोरांना त्याच गोष्टी दाखवत आलो: तापीचं पात्र, हतनूरचं पाणी, सातपुड्यातलं विरळ झालेलं जंगल, रावेर-यावलकडची केळी. सगळ्या जमिनीवरच्या. मधली हवा म्हणजे आमच्या लेखी कटकट. ढग, धूळ, धुकं. सॉफ्टवेअरमध्ये दोन बटणं दाबून काढून टाकायची. २०२३ च्या हिवाळ्यात एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, ती काढून टाकलेली हवाच बघायची असेल तर?” मी म्हटलं, बघू. आम्ही मास्तर लोक ‘बघू’ म्हणून विषय मिटवतो. ही पोरगी दुसऱ्या दिवशी परत आली.

मग हवेतले पृथ्वी तापवणारे वायू, म्हणजे हरितगृह वायू, वरून कसे मोजतात ते मलाही वाचावं लागलं. तत्त्व सोपं आहे. ऊन वरून येतं, हवेतून उतरतं, जमिनीवर आपटून परत वर जातं. या जाण्यायेण्यात प्रत्येक वायू आपापला रंग खातो. हरितगृह वायूंचे हे रंग डोळ्याला दिसणारे नव्हेत, इन्फ्रारेडमधले. रंग मोजायचा तो लहरीच्या लांबीने, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. मिथेन १.६५ मायक्रॉनच्या आणि २.३ मायक्रॉनच्या आसपास खातो. कार्बन डायऑक्साइडचं ताट वेगळं, १.६ आणि २ मायक्रॉनपाशी. वरच्या यंत्राला वायू म्हणून काही दिसत नसतो. कुठला रंग किती कमी परत आला, एवढंच कळतं. पंगत उठून गेल्यावर उष्ट्या पत्रावळी बघून कोण किती जेवलं ते सांगायचं, तसा हा प्रकार.

पहिला मोह अर्थातच दीपनगरचा झाला. भुसावळचं औष्णिक केंद्र, ५०० मेगावॅटचे दोन संच, आणखीही आहेत. चिमण्या हायवेवरून दिसतात, तर उपग्रहाला का नाही दिसणार? पण कार्बन डायऑक्साइड हवेत आधीच ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या वर भरून आहे. वरून पाहिलं तर एवढ्या मोठ्या केंद्राचा लोटही त्या सगळ्या थरात एखाद-दोन पीपीएमची भर घालतो. तुडुंब भरलेल्या विहिरीत घागर ओतायची आणि पाणी किती चढलं ते काठावरून मोजायचं. नासाचा ओसीओ-२ हा उपग्रह २०१४ पासून नेमकं तेच करतो, पण त्याचा पट्टा जेमतेम दहा किलोमीटर रुंद. आपल्या डोक्यावरून तो योग्य वेळी, योग्य वाऱ्याला जाईल याची वाट बघत बसायचं. त्यापेक्षा कोळशाबरोबर निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड पाहणं सोपं. तो हवेत एरवी नगण्य असतो आणि काही तासांत विरून जातो, म्हणून जिथे निघतो तिथेच दिसतो. सेंटिनेल-५पी हा युरोपचा उपग्रह, ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला, रोज एकदा दुपारी आपल्यावरून जातो आणि त्याची माहिती फुकट मिळते. हिवाळ्याची सरासरी काढली आणि भुसावळच्या बाजूला लालसर ठिपका उमटला. पोरगी खूश. मी मात्र विचारात, कारण हा हरितगृह वायू नव्हेच. हा नुसता त्याच्या बरोबर चालणारा सोबती.

मिथेनचं गणित उलटं आहे. हवेत तो फक्त १.९ पीपीएम. थोडा वाढला तरी उठून दिसतो. आणि शंभर वर्षांच्या हिशोबात किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटींच्या घरात. बाराएक वर्षांत हवेतून जातोही. म्हणजे आज गळती बुजवली तर फरक आपल्या हयातीत दिसेल, असा हा एकच मोठा वायू. खानदेशात तो कुठे असणार? गोठे, शेणखत, डिस्टिलरीचं सांडपाणी, नवापूरकडची भाताची खाचरं, आणि प्रत्येक शहराबाहेरचा कचरा डेपो.

सेंटिनेल-५पी मिथेनही मोजतो, पण त्याचा एक ठिपका म्हणजे साडेपाच गुणिले सात किलोमीटर. त्यात आख्खं गाव शिवारासकट बसतं. म्हणून आम्ही सेंटिनेल-२ कडे वळलो. हा खरं तर पिकं बघायचा उपग्रह. वीस मीटरचा ठिपका, दर पाच दिवसांनी फेरी. त्याचे दोन पट्टे इन्फ्रारेडमध्ये आहेत, एक १.६ मायक्रॉनजवळ, एक २.२ जवळ. दुसऱ्यात मिथेन बऱ्यापैकी खातो, पहिल्यात फारच थोडं. दोन्हींचं गुणोत्तर काढायचं, गॅस नसलेल्या दिवसाचं गुणोत्तर त्यातून वजा करायचं, आणि जे उरेल तो मिथेन. ही युक्ती तुर्कमेनिस्तानात, अल्जीरियात मोठाल्या गळत्या पकडायला वापरली गेली आहे. दोन्हीकडे वाळवंट आहे हे मी वाचलं होतं. त्यावर विचार केला नव्हता.

जानेवारीत एका रात्री चोपड्याच्या पुढे, शिरपूरच्या अलीकडे, तापीच्या उत्तरेला शेपूट दिसलं. लोटाला आम्ही शेपूटच म्हणायचो. एका टोकाला गडद, पुढे फिकट होत गेलेलं, लांबी तीनेकशे मीटर. त्या दिवशीचा वाराही त्याच बाजूला होता. मी रात्री साडेअकराला पोरीला फोन केला. तिच्या वडिलांनी उचलला, तो प्रसंग सोडून देऊ.

रविवारी मोटारसायकल काढली. मोबाइलवर अक्षांश-रेखांश लावून गाडीवाटेने जाऊन पोहोचलो तर समोर टरबुजाचं शेत. बेडवर प्लॅस्टिकचा चंदेरी मल्चिंग पेपर अंथरलेला, उन्हात डोळे दिपतील असा. शेजारच्या तुकड्यात अंथरायचं काम चालू होतं, पुढे नुसतेच बेड पाडलेले. गडद, मग फिकट. शेपूट.

प्लॅस्टिक म्हणजेही कार्बन आणि हायड्रोजनच. मिथेनच्या पट्ट्याजवळचाच प्रकाश तेही खातं. शिवाय वजा करायला घेतलेली जुनी प्रतिमा होती डिसेंबरची, तेव्हा तिथे नांगरलेलं काळं रान होतं. जमीन बदलली आणि आम्ही हवा बदलली असं समजलो. शेतकरीकाकांना मी जमेल तसं समजावलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, “ह्या पेपरकरता इतला दूर उनात?” त्यांच्या नदीकडच्या तुकड्यातलं आगाप टरबूज निघायला लागलं होतं. त्यातलं एक त्यांनी हातावर ठेवलं, पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर काळ्या मातीचं महत्त्व कळलं. वाळवंटातली वाळू इन्फ्रारेडमध्ये आरशासारखी उजळ असते, परत येणारा प्रकाश भरपूर, त्यात थोडं कमी झालं तरी समजतं. आपली तापीकाठची कपाशीची काळी माती येणाऱ्या उन्हातलं बरंचसं स्वतःच गिळते. केळीचा बाग आणखी वाईट, कारण पानातलं पाणी तो पट्टा जवळजवळ पुसूनच टाकतं. ज्या जमिनीचं आपण कौतुक करतो ती या कामाला नालायक. त्यात सेंटिनेल-२ ला दिसायला गळती तासाला एखाद टनाच्या वर लागते, तीही उजळ आणि एकसारख्या जमिनीवर. कॅनडाचे जीएचजीसॅटचे उपग्रह तासाला १०० किलोपर्यंत उतरतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच तंत्राने मुंबईतल्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे १० टन मिथेन निघताना दिसला होता. मुंबईचं ठीक आहे. आमच्या तालुक्याच्या गावाचा डेपो एवढ्या उंचीवरून दिसणारच नव्हता, आणि मी वर्षभर त्याच्यासाठी प्रतिमा उतरवत बसलो होतो.

उपाय एकच, खाली यायचं. विमानाचा मार्ग असतो. इस्रो आणि नासाने २०१५-१६ मध्ये आपल्याकडे एव्हिरिस-एनजी हे यंत्र इस्रोच्या विमानातून उडवलं, तेच यंत्र अमेरिकेत मिथेनचे लोट टिपायला वापरलं गेलं. आमच्या आवाक्यात मात्र ड्रोनच होतं. त्याच्या पोटाला लेझरचं यंत्र बांधायचं. सूर्याची गरज नाही. यंत्र स्वतःच १.६५ मायक्रॉनचा किरण खाली सोडतं, जमिनीवरून परतलेला पकडतं आणि वाटेत किती खाल्ला गेला ते सांगतं. आकडा येतो पीपीएम-मीटरमध्ये. हे एकक पहिल्यांदा डोक्यात शिरत नाही. साध्या हवेत ३० मीटर उंचीवरून पाहिलं तर १.९ गुणिले ३०, म्हणजे ५७. आमचं यंत्र एकेरी अंतर धरून आकडा देत होतं. तेव्हा ५७ म्हणजे काहीच नाही. त्याच्या वर जे येईल ते आपलं.

यंत्र पुण्याहून भाड्याने आणलं. तीन दिवसांचं भाडं ऐकून मी खुर्चीत नीट बसून घेतलं. निम्मे कॉलेजने दिले, निम्मे मी. ड्रोन उडवायला लायसन्सवाला पायलट हवा, तो धरणगावकडचा पंचविशीतला पोरगा मिळाला. एरवी कपाशीवर आणि केळीवर फवारणी करतो. पहिल्या भेटीत म्हणाला, “सर, औषध न मारता नुसतं फिरायचं? मग एकरी कसा हिशोब लावू?” शेवटी बॅटरीमागे ठरलं.

परवानगीचं मला वाटलं होतं तितकं अवघड निघालं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर नकाशा बघायचा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत पिवळा पट्टा. डेपो जळगाव विमानतळापासून बराच लांब, म्हणजे आकाश मोकळं होतं. अडलं ते जमिनीवर. डेपो पालिकेचा, आणि पालिकेला एकच शंका: हे लोक व्हिडिओ काढून टाकणार. चार चकरा झाल्या. पाचव्या वेळी आरोग्य निरीक्षक म्हणाले, “फोटो नको, गावाचं नाव नको, मग काय मोजायचं ते मोजा.” म्हणून इथे गावाचं नाव नाही. शब्द दिलाय.

२०२५ च्या जानेवारीतली सकाळ. गाडीवर हात गारठले होते. डेपो म्हणजे गावाबाहेरच्या नाल्याकडेचा पाचेक एकरांचा उंचवटा. जुना भाग मातीने झाकलेला, नवा उघडा, कडेला काळ्या पाण्याचं डबकं. दोन ठिकाणी बारीक धूर. रखवालदाराला सगळे आबा म्हणतात. पत्र्याच्या केबिनीसमोर शेकोटी करून बसले होते. ड्रोन बघून म्हणाले, “उडस तं खरा. पन हाऊ काय देखस?”

“गॅस बघतो आबा.”

“वास देखस का हाऊ?”

मी म्हटलं, मिथेनला वास नसतो; वास येतो तो त्याच्याबरोबर निघणाऱ्या दुसऱ्या वायूंचा. आबांनी हे ऐकून शेकोटीत एक काडी सरकवली.

पायलटने ड्रोन ३० मीटरवर नेऊन नांगराच्या तासांसारख्या पट्ट्या मारायला सुरुवात केली. मी आणि पोरगी टॅबवर आकडे बघत होतो. ५५, ५८, ५६, ५९. उघड्या ढिगावर आल्यावर ७०, ९०, १३०. पोरीने माझा हात धरला आणि लगेच सोडला. १८८ पर्यंत गेला. डबक्यावरून जाताना एकदम शून्य. पाणी किरण परत पाठवत नाही, यंत्र आंधळं होतं. चमकदार वेफरच्या पाकिटांचा थर आला की उलट आकडा वेड्यासारखा नाचे. ते ठिपके नंतर हाताने एकेक काढले, दोन रात्री गेल्या त्यात.

तिसऱ्या पट्टीत घार आली. डेपोवर घारी असणारच, त्यांचं रोजचं जेवण तिथे. आम्ही त्यांचा विचारच केला नव्हता. पहिल्यांदा ती वरून नुसती फिरली. मग पंख मिटून सरळ खाली. माझ्या डोळ्यांसमोर भाड्याच्या यंत्राची किंमत येऊन गेली, अनामत रक्कम वेगळी. पायलट पोराने काय केलं तर ड्रोन पळवला नाही, पूर्ण ताकदीने सरळ वर घेतला. “घार वर चढायला हळू असते सर,” तो नंतर म्हणाला, “कपाशीत शिकलो.” नख एकदा घासलं असावं, पायावर बारीक ओरखडा निघाला. आम्ही पाऊण तास थांबलो. आबांनी चहा केला.

सगळा वेळ वाऱ्याचं मोजमाप माझ्याकडे होतं. कॉलेजच्या लॅबमधला वाट्या फिरणारा वातमापक आणला होता. त्याची वाटी एकदा फिरली आणि धुळीने अडकली ती अडकलीच. मी मनात म्हटलं, हरकत नाही, हवामानाच्या जागतिक मॉडेलमधून त्या तासाचा वारा घेऊ, सगळे तसंच करतात. काढला. सेकंदाला साडेतीन मीटर.

आता हिशोब. वारा ढिगावरून पुढे जातो त्या बाजूच्या पट्टीवर साध्या हवेपेक्षा सरासरी ११० पीपीएम-मीटर जास्त, लोटाची रुंदी ७० मीटर. दोन्हींचा गुणाकार ७,७००. एक पीपीएम-मीटर म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ०.६६ मिलिग्रॅम मिथेन. तर त्या पट्टीच्या दर मीटर जाडीत ५.१ ग्रॅम गॅस तरंगतोय. तो किती वेगाने पुढे सरकतो? वाऱ्याच्या. साडेतीनने गुणलं, सेकंदाला १७.८ ग्रॅम, तासाला ६४ किलो.

चौसष्ट! मी रात्री झोपलो नाही. एवढ्याशा डेपोतून दिवसाला दीड टन. डोक्यात पेपरचं शीर्षकसुद्धा तयार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या पट्ट्या मारायला गेलो. आबा शेकोटीपाशी. मी त्यांना, का कोण जाणे, विचारलं, काल सकाळी वारा कसा होता हो? आबांनी ढिगाकडे बोट केलं. धुराच्या दोन्ही रेघा वर चढल्या नव्हत्या की आडव्या गेल्या नव्हत्या. ढिगावरच गोधडीसारख्या पसरून होत्या. म्हणाले, “सकायले आठे वारा नही ऱ्हास. धूर जठला तठे बठी ऱ्हास. दुपारले या, मंग वारा देखा.”

मी तिथेच उभा राहिलो. ही गोष्ट मी दर वर्षी फळ्यावर काढतो! हिवाळ्यातल्या रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण. तापमानाचा व्युत्क्रम. परीक्षेला पाच मार्कांना असतो. झाकणाखाली वारा पडलेला, वर चाललेला. मॉडेलचा एक चौकोन पाव अंश, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरचा. त्यात माझा नाल्याकाठचा खोलगट डेपो कुठे? गॅस रात्रभर साचून बसला होता म्हणून आकडा मोठा होता. निघत जास्त होता म्हणून नव्हे.

वातमापक पायलटच्या डब्यातल्या ब्रशने आणि शिलाईच्या तेलाच्या थेंबाने सुरू केला. बांबूला बांधून केबिनीवर चढवला. ०.६, ०.८, ०.७. त्याने परत गुणलं तर तासाला १३ किलो. खरं बोलायचं तर एवढ्या मंद वाऱ्यात हे सूत्रच लंगडतं, गॅस पुढे जाण्याऐवजी आजूबाजूला लोळतो. म्हणून आबांचं ऐकून दुपारी परत उडवलं. ऊन चढलेलं, धूर आडवा, पूर्वेला. आता आकडे बघितले तर निराशा व्हावी: ७०, ७५, कुठेतरी ८२. सरासरी वाढ फक्त १६, पण लोट पसरून १३० मीटर रुंद झालेला. वारा ३. गुणाकार केला, तासाला पंधराच्या किंचित आत.

सकाळी ११०, दुपारी १६, आणि निघणारा गॅस जवळपास तेवढाच. पोरगी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बराच वेळ बघत होती. सकाळचा लालभडक, दुपारचा फिकट पिवळा. “सर, पेपरात सकाळचा छापला असता ना लोकांनी,” ती म्हणाली. मी काही बोललो नाही. आदल्या रात्री तोच छापायला निघालो होतो.

हल्ली उपग्रहांचे असे नकाशे बातम्यांत येतात तेव्हा मी रंगाखालची बारीक अक्षरं शोधतो: वारा कुठून घेतला? प्रकाशाचं मोजमाप आता फार पुढे गेलं आहे. अवकाशस्थानकावरचं ‘एमिट’ हे यंत्र २०२२ मध्ये खनिज धुळीसाठी पाठवलं आणि मिथेनही पकडायला लागलं. ‘मिथेनसॅट’ हा उपग्रह मार्च २०२४ मध्ये खास याच कामाला गेला, जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. मला घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं. पण यांतला कुठलाही वारा मोजत नाही. तो बाहेरून आणून गुणावाच लागतो, आणि वारा दुप्पट धरला की गळती दुप्पट.

अहवाल पालिकेत दिला. मुख्याधिकाऱ्यांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तासाला १० ते २० किलो, असं मी लिहिलं होतं.

“एकच आकडा नाही का देता येत?”

“वाऱ्यावर आहे साहेब.”

“सगळं वाऱ्यावरच आहे आमचं,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग गंभीर होऊन विचारलं, “पण १४-१५ किलो म्हणजे कितपत? जास्त की कमी?”

पीपीएम-मीटर, २८ पट, ८० पट हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण त्यांच्या टेबलामागे पॅन्ट्रीच्या दारातून लाल सिलिंडर दिसत होता. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो. मी तिकडे बोट दाखवून म्हटलं, दर तासाला असा एक, रात्रंदिवस, त्या ढिगातून उघड्यावर जातो. ते वळून सिलिंडरकडे बघत राहिले. शिपायालाही त्यांनी हाक मारून ते सांगितलं. शिपाई म्हणाला, “साहेब, मग त्याला नळी लावा ना.” या विषयावर मी वाचलेल्या बहुतेक शिफारशींचा सारांश इतकाच आहे, मात्र नळी लावायला आधी ढीग झाकावा लागतो, आणि झाकायला निधी. फाइल पुढे गेली आहे. पावसाळ्यात सगळंच थांबलं. ढगांमुळे उपग्रह बंद, चिखलामुळे आम्ही बंद.

एक गोष्ट मात्र चालू राहिली. नवा वातमापक घेतला, आकडे दाखवणारा, आणि तो आबांच्या केबिनीवर पक्का बसवला. एक दोनशे पानी वही दिली. दिवसातून तीनदा त्यावरचा आकडा लिहायचा, एवढंच सांगितलं होतं. परवा वही आणायला गेलो. आकडे आहेत, एकही दिवस चुकलेला नाही, पोळ्याचासुद्धा नाही. शेजारी मी न सांगितलेला एक रकाना आबांनी पट्टी लावून आखला आहे. त्याला नाव दिलंय ‘वास’.

१४ तारीख. सकाळ, वारा ०.४, वास पुष्कळ. दुपार, वारा ३.२, वास पाटलाच्या मळ्याकडे. संध्याकाळ, वारा नाही. वास घरी आला.